घामाची कुळकथा

एकनाथांच्या विंचवाच्या भारुडात घाम येतो, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. त्या घामाची चौकशी मात्र कुणी करत नाही. मी ती करू लागलो, त्याला कारण १९८२ सालच्या ‘लॅन्सेट’मधला एक लेख. लेखक डॉ. हिंमतराव बावस्कर. जन्म जालना जिल्ह्यातल्या देहेडचा, डॉक्टरकी नागपूरची आणि नोकरी महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात. लाल विंचू चावलेल्या माणसाचं हृदय खचणार आहे हे आधीच कसं ओळखायचं, हा लेखाचा विषय. त्यांनी नोंदलेल्या खुणा अशा: उलट्या, दरदरून घाम, तोंडाला सुटलेली लाळ, गार पडलेले हातपाय. नाथांनी देह ठेवला १५९९ साली. म्हणजे पैठणचा घाम बिरवाडीला पोचायला जवळजवळ चारशे वर्षं लागली.

नाथांनी विंचू चावलेला माणूस जवळून पाहिला होता, असं माझं ठाम मत आहे. कीर्तनकार मंडळींना ते मान्य नाही. विंचू म्हणजे काम-क्रोध आणि घाम म्हणजे तमोगुण, त्यात वैद्यक कशाला शोधायचं, असं ते म्हणतात. पण समोर बसलेल्या माणसांच्या अनुभवात नाही ते रूपक भारुडात चालत नाही. डॉक्टरांचा आक्षेप जास्त वजनदार आहे. कुठल्याही वेदनेनं घाम सुटतो, मग विंचवाचंच काय कौतुक?

त्याचं उत्तर मला भारुडातच सापडलं. नाथांनी आधी विंचू आणला आहे आणि मागाहून इंगळी, म्हणजे मोठा विंचू. विंचवाच्या वाट्याला घाम आणि कासावीस झालेले प्राण, इंगळीच्या वाट्याला सर्वांगाची वेदना. आता आमच्या वर्ध्याकडे बघा. बोरगाव मेघे हे गाव शहराला चिकटलेलं असलं तरी दगड-विटांचा ढीग, सरपण आणि कुटार अजून घरोघरी आहे, आणि या तिन्हींखाली विंचू निघतो. काळा विंचू थोराड, त्याच्या पुढच्या नांग्या जाड. तो डसला की माणूस रात्रभर तळमळतो, पण सहसा वाचतो. लाल विंचू लहान, त्याच्या नांग्या बारीक आणि शेपूट जाड. दुखणं कमी आणि घाम फार, असं झालं की समजावं, याचंच काम. नाथांनी नेमकी हीच वाटणी केली आहे. पहिल्या कडव्यात दाहही आहे, हे खरं. रंग तर नाथांनी सांगितलेलाच नाही. तरी मी तो विंचू लालच धरतो.

या घामामागचं गणित असं. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंना सतत चेतवत राहतं. ॲड्रेनॅलिनच्या जातीची द्रव्यं रक्तात उसळतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि रक्तदाब आधी चढतो. शेतातले सगळे व्हॉल्व्ह बंद करून मोटर चालू ठेवावी, तशी हृदयाची गत होते. ते थकतं, फुप्फुसात पाणी भरतं, तोंडाला गुलाबी फेस येतो आणि शेवटी दाब कोसळतो. याला म्हणतात कार्डिओजेनिक शॉक. हृदयात जोर उरत नाही, म्हणून शरीराला रक्त पुरत नाही.

शहरी पुस्तकांतली याची वंशावळ वेगळी आहे. तिथे मुख्य कारण हार्ट ॲटॅक. १९४२ साली स्टेड आणि एबर्ट यांनी हृदय हरल्यामुळे येणाऱ्या शॉकचं वर्णन केलं. १९६७ साली किलिप आणि किंबल यांच्या नोंदीत असे ८१ टक्के रुग्ण दगावले. त्याच वर्षी कँट्रोविट्झ यांनी महाधमनीत फुगा घालून हृदयाचा भार हलका केला. १९९९ साली बंद रक्तवाहिनी लवकर उघडण्याचा फायदा सहा महिन्यांनंतरच्या हिशेबात स्पष्ट दिसला. २०१२ साली मात्र फुगा मृत्यू कमी करत नाही, असं निघालं. अलीकडे ॲटॅकशिवायच्या, जुन्या हृदयविकारातून येणाऱ्या शॉकचा वाटा वाढतो आहे. एवढे सगळे उपाय करूनही निम्म्याच्या आसपास माणसं जातातच.

कोकणातली वंशावळ मला यापेक्षा देखणी वाटते. तिथे लाल विंचवाच्या गंभीर दंशात शंभरातले तीसेक जण मरत. पूर्वीचे डॉक्टर घाम आणि लाळ सुकवायला ॲट्रोपिन टोचत. त्यानं खूण तेवढी पुसली जाई आणि आधीच धावणारं हृदय आणखी धावे. बावस्करांनी गोळी उसनी घेतली ती रक्तदाबाच्या दुकानातून. तिचं नाव प्राझोसिन, ती आवळलेल्या वाहिन्या सैल करते. हृदय खचलेल्या माणसाला दाब उतरवण्याची गोळी द्यायची, हे ऐकूनच त्या काळच्या डॉक्टरांच्या भुवया चढल्या असतील. पण बंद व्हॉल्व्ह उघडले गेले आणि मृत्यू तीन टक्क्यांच्या खाली आले. फुग्याच्या यंत्रानं जे साधायचं होतं, तेच गोळीनं साधलं, असं मी म्हणतो. हृदयरोगाच्या पुस्तकांनी या दोघांना एका पानावर आणायला हवं होतं.

या कुळात एक भाऊबंदकीही झाली. प्राझोसिन पुरेसं आहे की विंचवाचं प्रतिविषही हवं? प्राझोसिनचे पुरस्कर्ते असलेल्या बावस्करांनीच, पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह, ७० रुग्णांवर याची चाचणी घेतली. २०११ साली ती ‘बीएमजे’त छापून आली. दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले, नुसत्या प्राझोसिनवरच्या ३५ पैकी फक्त ८. आपल्याच औषधाला जोडीदार लागतो, हे स्वतःच सिद्ध करणारा माणूस विरळा. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मांत्रिकाचा विंचू उतरतो, कारण बहुतेक दंश नुसतेच दुखून आपोआप उतरतात. श्रेय त्याला मिळतं, आणि लाल विंचवाचा रोगी त्याच्या ओट्यावर वेळ घालवतो. तेव्हा वाचकहो, विंचू चावल्यावर उलटी झाली, घाम फुटला, हातपाय गार पडले, तर दुखणं कमी आहे म्हणून थांबू नका. आवळून बांधू नका, कापू नका. सावंगी मेघे आणि सेवाग्राम, दोन्हीकडची मोठी रुग्णालयं बोरगावपासून जवळ आहेत. पहिल्याच तासात तिथे पोचा.