काचबिंदूचे थेंब: डोळे चुरचुरतात म्हणून बाटली बाजूला ठेवू नका

काचबिंदू म्हणजे ग्लॉकोमा झालेल्या रुग्णाला डोळ्यांत घालायचे थेंब बहुतेक वेळा आयुष्यभर चालू ठेवावे लागतात. डोळ्यातला दाब कमी ठेवून दृष्टीची नस वाचवणं हे या थेंबांचं काम. पण काही महिने थेंब घातल्यावर अनेकांची तक्रार सुरू होते: डोळे चुरचुरतात, लाल होतात, वाळूचा कण गेल्यासारखं टोचतं, वाचताना मध्येच अंधुक दिसतं.

बहुतेक रुग्णांना काचबिंदूत सुरुवातीला काहीच दुखत नाही. त्यामुळे 'रोगाचा त्रास नाही, औषधाचाच आहे' असा हिशेब मांडला जातो आणि थेंब गुपचूप बंद होतात. खरा धोका इथे आहे. काचबिंदूने गेलेली नजर औषधाने किंवा ऑपरेशनने परत येत नाही.

चुरचुर कशामुळे?

उघडलेल्या बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून त्यात प्रिझर्व्हेटिव्ह घालतात. सर्वांत जास्त वापरलं जाणारं प्रिझर्व्हेटिव्ह म्हणजे बेंझाल्कोनियम क्लोराईड. हे साबणाच्या जातीचं रसायन आहे. साबणाने ताटावरचं तेल सुटतं, तसाच अश्रूंवरचा पातळ तेलकट थर यामुळे विस्कटतो आणि अश्रू लवकर सुकतात. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, म्हणजे कॉर्नियाच्या पेशींनाही इजा होते. अश्रूंना डोळ्यावर धरून ठेवणारा चिकट द्रव ज्या पेशी तयार करतात, त्याही कमी होतात.

एखाद्या थेंबाने फारसं बिघडत नाही. पण दोन-तीन औषधं, दिवसाला चार-पाच थेंब आणि तेही वर्षानुवर्षं, असं झालं की परिणाम साचत जातो. डोळ्यांतून पाणी येतं म्हणजे कोरडेपणा नाही, असं समजू नये. कोरड्या डोळ्याला टोचलं की उलट जास्त पाणी येतं.

औषधाचेही परिणाम

दोष सगळा प्रिझर्व्हेटिव्हचाच असतो असं नाही. लॅटानोप्रॉस्ट, बिमॅटोप्रॉस्ट या गटातल्या औषधांनी डोळे लाल होतात, पापण्यांचे केस वाढतात, पापणीची कातडी काळपट होते. टिमोलॉलने अश्रू कमी होऊ शकतात. ब्रिमोनिडीनची काहींना ॲलर्जी येते, कधी कधी तर बऱ्याच महिन्यांनी. डॉर्झोलामाईड घालताच झोंबतं.

उपाय काय?

डॉक्टरांना त्रास स्पष्ट सांगावा. पिवळसर-केशरी रंगाचा थेंब टाकून निळ्या उजेडात कॉर्नियावरचे ओरखडे दिसतात. कागदाची बारीक पट्टी पापणीत पाच मिनिटं ठेवून अश्रू किती येतात ते मोजता येतं.

त्यानंतर बदल करता येतो. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब मिळतात, पण ते बहुधा महाग पडतात. दोन औषधं एकाच बाटलीत असलेला थेंब घेतला तर दिवसाचे थेंब कमी होतात. काही रुग्णांना लेसरचा पर्याय असतो. ब्रिटनमधल्या 'लाइट' अभ्यासात नव्याने निदान झालेल्या रुग्णांच्या एका गटाला आधी लेसर दिलं गेलं. त्यातल्या सुमारे ७० टक्के डोळ्यांचा दाब सहा वर्षांनंतरही थेंब किंवा ऑपरेशनशिवाय आटोक्यात होता. पुढे ऑपरेशनची वेळ आली, तरी डोळ्याचा पृष्ठभाग निरोगी असलेला बरा. सततच्या सुजेने ऑपरेशनचं यश कमी होऊ शकतं.

घरी पाळायच्या गोष्टी सोप्या आहेत:

- एका वेळी एकच थेंब घाला. डोळ्यात जास्त मावत नाही.
- थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं हलका दाबून ठेवा.
- पापणीवर ओघळलेलं औषध पुसून घ्या.
- दोन औषधांमध्ये किमान पाच मिनिटांचं अंतर ठेवा.
- कोरडेपणासाठी कृत्रिम अश्रू दिले असतील तर तेही प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले आहेत का, हे विचारा. नाहीतर तेच रसायन पुन्हा डोळ्यात जातं.

दवाखाना बदलताना

सीमाभागातला रुग्ण कधी बेळगावात दाखवतो, कधी मिरज-कोल्हापूरला, कधी हुबळीला, तर कधी गोव्यात. प्रत्येक ठिकाणी वेगळ्या कंपनीची बाटली हातात पडते. नाव वेगळं, औषध तेच, असं होऊन एकच औषध दोनदा घातलं जाऊ शकतं. म्हणून चालू असलेल्या सगळ्या बाटल्या आणि डोळ्यातल्या दाबाचे जुने कागद सोबत न्यावेत. बाटलीवरचं औषधाचं मूळ नाव आणि प्रिझर्व्हेटिव्ह केमिस्टकडून वाचून घ्यावं.

साधी चुरचुर असेल तर थेंब चालू ठेवून पुढच्या काही दिवसांत डॉक्टरांना भेटावं. पापण्या खूप सुजल्या, डोळा अचानक जोरात दुखू लागला, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसू लागली किंवा नजर कमी झाली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा.