नौका शाकारणी

नौका शाकारणी म्हणजे पावसाळ्यात मासेमारी बंद असताना नौका पाण्याबाहेर काढून, तिला टेकू देऊन व आच्छादून सुरक्षित ठेवण्याची कोकण किनाऱ्यावरील प्रथा होय. 'शाकारणे' या क्रियापदाचा मूळ अर्थ घराचे छप्पर गवताने किंवा झावळ्यांनी आच्छादणे असा आहे. किनाऱ्यावर मात्र हा शब्द नौका वर ओढण्यापासून ती झाकण्यापर्यंतच्या संपूर्ण कामासाठी वापरला जातो.

काळ

महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत मासेमारीस बंदी असते. राज्यातील सागरी मासेमारीचे नियमन १९८१ च्या अधिनियमाने होते. बिगर-यांत्रिक होड्यांना ही बंदी लागू नसली, तरी समुद्र खवळलेला असल्याने त्यांपैकी बहुतेक किनाऱ्यावरच राहतात. शाकारणीची लगबग मे महिन्याच्या उत्तरार्धातच सुरू होते. बंदीच्या तारखेपर्यंत थांबणे धोक्याचे ठरू शकते. तौक्ते चक्रीवादळ मे २०२१ च्या मध्यास कोकण किनाऱ्याजवळून गेले, तर निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले.

दिवस ठरतो तो भरतीवरून. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या उधाणाच्या भरतीत पाणी सर्वांत वर चढते. त्या वेळी नौका किनाऱ्यावर जितकी वर आणता येईल तितके पुढचे ओढण्याचे श्रम कमी होतात. हे उधाण चुकल्यास पुढच्यासाठी सुमारे पंधरवडा थांबावे लागते.

मराठा आरमारातील उल्लेख

रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावे असलेल्या 'आज्ञापत्र' या अठराव्या शतकातील राजनीतिपर ग्रंथात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. पावसाळ्यात आरमाराची छावणी कोठे व कशी करावी, याची सूचना त्यात असून ती दरवर्षी एकाच बंदरात न करता बदलत्या बंदरात करावी, असे सांगितले आहे.

नौका वर घेणे व टेकू

प्रथम जाळी, दोरखंड, नांगर, बर्फ व इंधन उतरवून नौका हलकी केली जाते. लहान होडी ओंडक्यांवरून माणसे ओढतात. मोठ्या नौकांसाठी ट्रॅक्टर किंवा क्रेन लागते. ज्या नौका ओढण्याजोग्या नसतात, त्या खाडीच्या आत नेऊन बांधल्या जातात. हर्णै बंदरातील अनेक नौका आंजर्ले खाडीत आसरा घेतात.

शाकारणीतील सर्वांत नाजूक काम टेकू देण्याचे असते. पाण्यात नौकेचा भार सर्व तळावर सारखा पेलला जातो. जमिनीवर तो काही मोजक्या बिंदूंवर येतो. म्हणून संपूर्ण वजन तळाच्या मधल्या मुख्य लाकडावर, म्हणजे कण्यावर घेतात. त्याखाली ठरावीक अंतराने ओंडके ठेवतात. केवळ दोन टोकांना आधार दिल्यास नौका मध्ये खचते आणि केवळ मध्ये दिल्यास टोके लवतात. दोन महिन्यांत आलेला असा बाक पुढे सहसा जात नाही. बाजूचे टेकू वजन पेलण्यासाठी नसून नौका कलंडू नये यासाठी असतात. ते आतील फासळीच्या समोर लावावे लागतात, कारण दोन फासळ्यांमधील फळीवर टेकू रुतल्यास फळी आत दबते. वाळू पावसाच्या ओघळाने धुपते. त्यामुळे टेकूच्या बुडाशी रुंद फळी घालतात व समोरासमोरचे टेकू एकमेकांना दोराने बांधतात.

आच्छादन व निचरा

लाकडी नौकेला समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाचे पाणी अधिक घातक असते. खाऱ्या पाण्यात लाकूड कुजवणारी बुरशी सहसा फारशी वाढत नाही. साचलेल्या गोड्या पाण्यात ओले राहिलेले लाकूड मात्र लवकर कुजते. शिवाय पाण्याला वजन असते. १० चौरस मीटर उघड्या भागावर १०० मिलिमीटर पाऊस साचला तर एक टन भार वाढतो, आणि कोकणात एवढा पाऊस एका दिवसातही पडतो. यासाठी नाळ किंचित उंच ठेवून मागील बाजूच्या तळातील बूच काढून ठेवतात.

आच्छादनासाठी बांबूचा सांगाडा उभारून त्यावर पूर्वी विणलेल्या झावळ्या घालत. आता बहुधा प्लास्टिकची ताडपत्री वापरली जाते. झावळ्यांतून हवा खेळती राहते. घट्ट आवळलेल्या ताडपत्रीखाली मात्र बाष्प कोंडून बुरशी धरते, म्हणून दोन्ही टोके मोकळी ठेवणे आवश्यक असते. ताडपत्री स्वस्त व टिकाऊ असली, तरी या बाबतीत जुनी पद्धत सरस होती.

डागडुजी

तळाला चिकटलेले शिंपले खरवडून लाकूड गोड्या पाण्याने धुतले जाते. याच वेळी लाकूड पोखरणाऱ्या सागरी किड्यांची छिद्रे दिसून येतात. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून भरतात. लाकडाच्या संरक्षणासाठी काजूच्या टरफलाचे तेलही लावले जाते. फायबरच्या नौकांना कुजण्याचे भय नसते, परंतु त्यांचे पातळ कवच चुकीच्या टेकूने तडकू शकते. इंजिनाचे जुने तेल बदलतात, बॅटरी घरी नेतात.

पुन्हा पाण्यात

जमिनीवर लाकूड काहीसे सुकून सांधे सैल होतात, त्यामुळे पाण्यात सोडल्यावर सुरुवातीला लाकडी नौकेत पाणी झिरपते. लाकूड फुगून सांधे मिटेपर्यंत ते उपसत राहावे लागते व नौका किनाऱ्याजवळच ठेवतात. बंदी ३१ जुलैला संपत असली, तरी अनेक कोळी कुटुंबे श्रावणातील नारळी पौर्णिमेला समुद्रास नारळ अर्पण केल्यानंतरच मासेमारीस निघतात.