अस्सल, नक्कल आणि बनावट : ‘मसीहा’ व्हायोलिनच्या वादाचा इतिहास

१.

ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात काचेच्या पेटीत एक व्हायोलिन ठेवलेले आहे. त्याच्या आतल्या चिठ्ठीवर आंतोनिओ स्त्रादिवारी याचे नाव आणि १७१६ हे साल आहे. ‘मसीहा’ या नावाने ते ओळखले जाते. स्त्रादिवारीची सुमारे साडेसहाशे वाद्ये आज शिल्लक असल्याचे मानले जाते. त्यांपैकी बहुतेक वाद्ये दोन-तीन शतके वाजवली गेली असल्याने झिजलेली, दुरुस्त केलेली आणि जागोजागी रोगण उडालेली अशी आहेत. ‘मसीहा’ मात्र नुकतेच कारागिराच्या हातून उतरल्यासारखे दिसते. त्याच्या कडा धारदार आहेत आणि रोगण जवळजवळ अखंड आहे. त्यामुळे स्त्रादिवारीचे व्हायोलिन नवे असताना कसे दिसत असेल, याचा प्रमाण-नमुना म्हणून जाणकार पिढ्यान्‌पिढ्या या वाद्याकडे बोट दाखवीत आले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस नेमक्या याच वाद्याच्या अस्सलपणाविषयी शंका उपस्थित झाली. ती केवळ एका मौल्यवान वस्तूविषयीची शंका नव्हती. स्त्रादिवारीची व्हायोलिने अफाट किमतीला विकली जातात. त्याचे १७२१ सालचे ‘लेडी ब्लंट’ हे व्हायोलिन २०११ मध्ये लिलावात सुमारे ९८ लाख पौंडांना गेले. अशा किमती ज्या पारखीवर उभ्या आहेत, त्या पारखीचे माप म्हणून ‘मसीहा’ वापरले जात होते. मापच खोटे ठरले, तर त्याने मोजलेल्या वस्तूंचे काय, हा प्रश्न त्यातून निर्माण झाला. प्राचीन ग्रंथांच्या प्रतपरंपरांचा अभ्यास करणाऱ्यांना हा प्रश्न अपरिचित नाही. म्हणूनच या वादाचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनाही उद्बोधक ठरतो.

२.

या व्हायोलिनची परंपरा पुढीलप्रमाणे सांगितली जाते. १७३७ मध्ये स्त्रादिवारी मरण पावला तेव्हा ते त्याच्या कार्यशाळेतच होते. कारागीर असलेले त्याचे दोन मुलगे, ओमोबोनो आणि फ्रान्चेस्को, अनुक्रमे १७४२ आणि १७४३ मध्ये निवर्तले. त्यानंतर धाकटा मुलगा पाओलो याच्याकडून काउंट कोझिओ दि सालाबुए या संग्राहकाने १७७५ च्या सुमारास कार्यशाळेतील उरलेली वाद्ये आणि हत्यारे विकत घेतली. कोझिओने आपल्या संग्रहातील वाद्यांची मापे व वर्णने टिपून ठेवली. वाद्यनिर्मितीच्या इतिहासातील हा एक मोलाचा दस्तऐवज आहे. १८२७ मध्ये हे व्हायोलिन लुइजी तारिसिओ या फिरत्या व्यापाऱ्याकडे गेले.

तारिसिओ पॅरिसला येऊन जुनी इटालियन वाद्ये विकीत असे आणि आपल्याजवळच्या एका अनुपम व्हायोलिनचे वर्णन करीत असे. पण ते त्याने कधीच आणून दाखवले नाही. सदैव प्रतीक्षा करायला लावणारे आणि कधीच प्रकट न होणारे हे वाद्य ज्यू लोकांच्या मसीहासारखेच आहे, अशा आशयाचे उद्गार देल्फाँ आलार या वादकाने काढल्याची आख्यायिका आहे. ‘मसीहा’ हे नाव तेथूनच आले, असे सांगतात. १८५४ मध्ये तारिसिओ वारला. पुढच्याच वर्षी पॅरिसचा प्रसिद्ध वाद्यकार झाँ-बातिस्त व्हियोम इटलीला गेला आणि त्याने वारसांकडून तारिसिओचा संपूर्ण साठा खरेदी केला. त्यात हे व्हायोलिन होते.

व्हियोमने ते हयातभर विकले नाही. १८७२ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील प्रदर्शनात ते ठेवले गेले. त्या निमित्ताने चार्ल्स रीड या इंग्रज कादंबरीकाराने ‘पॉल मॉल गॅझेट’मध्ये क्रेमोनाच्या व्हायोलिनांवर पत्रे लिहिली. १८७५ मध्ये व्हियोम निवर्तल्यावर वाद्य त्याच्या कुटुंबात राहिले आणि पुढे त्याचा जावई असलेल्या आलारकडे आले. १८९० मध्ये लंडनच्या डब्ल्यू. ई. हिल अँड सन्स या पेढीने ते एडिंबरोच्या एका संग्राहकासाठी २,००० पौंडांना घेतले. शेवटी ते हिल कुटुंबाच्याच मालकीचे झाले आणि वाजवण्यासाठी नव्हे, तर पुढील काळातील वाद्यकारांना पाहता यावे म्हणून १९३९ मध्ये अ‍ॅशमोलियनला देण्यात आले.

वरवर अखंड वाटणारी ही परंपरा तपासून पाहिली की तिच्यातला सांधा दिसू लागतो. कोझिओपर्यंत लेखी टिपणे आहेत आणि व्हियोमनंतर प्रत्यक्ष वस्तू सर्वांसमोर आहे. मधली सुमारे अठ्ठावीस वर्षे मात्र हकिकतींवर उभी आहेत. तारिसिओविषयी प्रचलित असलेल्या गोष्टींचा मोठा भाग रीडसारख्या कादंबरीकाराच्या लेखनातून पसरला. आणि ज्याच्या उद्गारातून नाव पडले तो आलार व्हियोमचा जावई होता. १८५५ पूर्वी पॅरिसमध्ये कोणी न पाहिलेले हे वाद्य जगासमोर आले, ते व्हियोमच्याच हातून.

३.

व्हियोम हा एकोणिसाव्या शतकातील सर्वांत कुशल नकलकारांपैकी एक होता, हे शंकेचे मुख्य कारण. पागानिनीचे ‘कानोने’ हे १७४३ सालचे ग्वार्नेरी व्हायोलिन दुरुस्तीसाठी आले असता व्हियोमने त्याची हुबेहूब प्रतिकृती केली आणि खुद्द पागानिनीला दोहोंतला फरक चटकन ओळखता आला नाही, अशी कथा सांगितली जाते. ही प्रतिकृती पुढे पागानिनीने आपला शिष्य सिव्होरी याला दिली. ‘मसीहा’ हाती आल्यावर व्हियोमने त्याच्याही प्रतिकृती केल्या. जुन्या वाद्याचे इतके सूक्ष्म ज्ञान असलेल्या माणसाने ‘मूळ’ वाद्यच का केले नसेल, असा प्रश्न त्यामुळे विचारता येत होता.

येथे मराठी दफ्तरांच्या अभ्यासातून रुळलेली एक शब्दत्रयी उपयोगी पडते. इतिहाससंशोधक कागदांचे अस्सल, नक्कल आणि बनावट असे प्रकार करतात. अस्सल व नक्कल हे दोन्ही शब्द अरबीतून आले आहेत. ‘नक्ल’ या मूळ शब्दात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणे, असा अर्थ आहे. दफ्तरातील नक्कल हा गुन्हा नव्हे. अस्सल कागद हरवल्यास विश्वासार्ह नकलेवर इतिहास लिहिला जातो. बनावट कागद वेगळा : त्यात फसवण्याचा हेतू असतो. वतनाच्या तंट्यांत असे कागद पुढे येत. १८५२ च्या कायद्यानुसार मुंबई इलाख्यात इनाम कमिशनने सनदांची छाननी सुरू केली, तेव्हाही हाच प्रश्न होता. कागद जुना आहे एवढ्याने भागत नव्हते. तो कोणाच्या हातून, कोणत्या दफ्तरातून आला, हेही पाहावे लागे.

व्हायोलिनच्या बाबतीत या तीन कोटी सहज एकमेकींत मिसळतात. स्त्रादिवारीच्या नावाची लॅटिन चिठ्ठी असलेली असंख्य व्हायोलिने एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत फ्रान्समधील मिरकूर, तसेच जर्मनीतील मार्कनॉयकिर्खेन व मिटेनवाल्ड अशा ठिकाणी तयार झाली. ती चिठ्ठी बहुधा ‘स्त्रादिवारीच्या नमुन्यावर’ एवढेच सांगण्यासाठी असे. १८९० च्या अमेरिकन जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव घालणे बंधनकारक झाले. म्हणून अशा अनेक चिठ्ठ्यांवर स्त्रादिवारीच्या नावाखालीच ‘जर्मनी’ असेही छापलेले आढळते. नकलेची जबानी तिच्याच अंगावर असते. पण देशाचे नाव खरवडून काढले, किंवा आजोबांच्या पेटीतले व्हायोलिन म्हणून हकीकत जोडून दिली, की तीच नक्कल बनावट होते. वस्तू तसूभरही बदलत नाही. तिच्याविषयीचे विधान बदलते.

४.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयातील वाद्यसंवर्धक स्ट्यूअर्ट पोलेन्स यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘मसीहा’वरचा आक्षेप उघडपणे मांडला. कोझिओच्या टिपणांतील वर्णन प्रत्यक्ष वाद्याशी जुळत नाही, हा त्यांचा एक मुद्दा होता. दुसरा मुद्दा लाकडाचा होता. हँबर्गचे पेटर क्लाइन यांनी छायाचित्रांवरून वरच्या पाटीतील वृक्षवलये तपासली आणि सर्वांत अलीकडचे वलय १७३८ सालचे असल्याचा निष्कर्ष काढला. स्त्रादिवारी १७३७ मध्येच मरण पावला होता. झाड त्याच्या मृत्यूनंतरही वाढत असेल, तर त्यापासूनचे व्हायोलिन त्याचे असणे शक्यच नव्हते. क्लाइन यांनी हा निष्कर्ष पुढे मागे घेतला. परंतु वाद तोवर पेटला होता.

वृक्षवलयांची पद्धत समजून घेणे येथे आवश्यक आहे. व्हायोलिनची वरची पाटी स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची असते. अनुकूल वर्षी वलय रुंद होते, प्रतिकूल वर्षी अरुंद. एकाच प्रदेशातील झाडांत हा रुंद-अरुंद क्रम सारखा येतो. आल्प्स पर्वतातील झाडांचे असे क्रम कित्येक शतकांपर्यंत जुळवलेले असल्याने पाटीवरील क्रम त्यांच्याशी ताडून प्रत्येक वलयाचे वर्ष ठरवता येते. मात्र पाटी तासताना सालीकडची काही वलये निघून जातात आणि लाकूड वापरण्यापूर्वी वाळवावेही लागते. म्हणून शेवटचे वलय वाद्याची तारीख देत नाही. ज्याच्या आधी ते वाद्य होऊच शकत नाही, अशी मर्यादा देते.

जॉन टॉपहॅम आणि डेरेक मॅककॉर्मिक यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ‘मसीहा’चे शेवटचे वलय १६८२ चे ठरले. अमेरिकेतील हेन्री ग्रिसिनो-मेयर आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष वाद्य तपासून २००४ मध्ये १५७७ ते १६८७ असा क्रम निश्चित केला. दोन्ही निष्कर्ष चिठ्ठीवरील १७१६ या सालाशी सुसंगत होते. तरीही तर्कदृष्ट्या प्रश्न पूर्ण मिटला नव्हता. जुने लाकूड एकोणिसाव्या शतकातील कारागिरालाही मिळू शकते. लाकूड बनावटपणा सिद्ध करू शकते, अस्सलपणा एकट्याने सिद्ध करू शकत नाही.

निर्णायक ठरला तो दुसऱ्या प्रकारचा पुरावा, म्हणजे वाद्यावाद्यांतील नाते. २००४ च्या अभ्यासात ‘मसीहा’चा वलयक्रम स्त्रादिवारीच्या १६९६ सालच्या ‘आर्किंतो’ व्हायोलाशी निकट जुळत असल्याचे दिसले होते. २०१६ मध्ये पीटर रॅटक्लिफ यांनी ‘मसीहा’ आणि १७२४ सालचे ‘विल्हेल्मी’ ही व्हायोलिने एकाच झाडाच्या लाकडापासून केलेली असल्याचा निष्कर्ष जाहीर केला. स्त्रादिवारीच्या साठ्यातील नेमक्या त्याच झाडाचा तुकडा शतकानंतर पॅरिसमधल्या नकलकाराच्या हाती पडावा, ही कल्पना फार ओढूनताणून केलेली ठरते. आज बहुसंख्य तज्ज्ञ ‘मसीहा’ स्त्रादिवारीचेच मानतात.

५.

वाद्य अस्सल ठरले म्हणून शंका व्यर्थ होती, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. तोपर्यंत अस्सलपणाचा निवाडा मुख्यतः जाणकाराच्या नजरेवर अवलंबून होता, आणि ही नजर बव्हंशी व्यापारी पेढ्यांची होती. १८९० मध्ये ‘मसीहा’च्या विक्रीत सहभागी असलेल्या हिल पेढीनेच १८९१ मध्ये त्याच्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली, १९०२ चा स्त्रादिवारीवरील प्रमाणभूत मानला गेलेला ग्रंथही याच कुटुंबातील तिघा भावांचा होता. त्यांची विद्वत्ता निर्विवाद होती. परंतु विक्रेता, परीक्षक आणि इतिहासकार या तिन्ही भूमिका एकाच घरात नांदत होत्या, हेही तितकेच खरे. ही व्यवस्था किती धोकादायक ठरू शकते, ते पुढे व्हिएन्नातील व्यापारी डीटमार माखोल्ड याच्या प्रकरणात दिसले. त्याने मौल्यवान म्हणून तारण ठेवलेली व्हायोलिने तपासणीत अत्यल्प किमतीची निघाली आणि २०१२ मध्ये त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली.

निवाडा कानावर सोपवावा, तर तोही आधार डळमळीत आहे. क्लॉडिया फ्रिट्झ आणि जोसेफ कर्टिन यांनी २०१० मध्ये इंडियानापोलिस येथे एकवीस वादकांना डोळ्यांवर गडद चष्मे देऊन तीन नवी आणि तीन जुनी व्हायोलिने वाजवायला दिली. सर्वांत कमी पसंती मिळालेले वाद्य स्त्रादिवारीचे होते; बहुतेकांनी नव्या वाद्यांना पसंती दिली. २०१२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यावरून स्त्रादिवारी सामान्य कारागीर ठरत नाही; नाद आणि अस्सलपणा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढे मात्र सिद्ध होते. जे वाद्य फारसे वाजवलेच गेले नाही, त्याचे सर्वोच्च स्थान नादावर आधारलेले असूही शकत नव्हते.

‘मसीहा’च्या इतिहासातील खरा विरोधाभास येथेच आहे. ज्या अखंडतेमुळे ते प्रमाण मानले गेले, त्याच अखंडतेमुळे ते संशयास्पद ठरले. शिवाय ही अखंडताही पूर्ण नाही : मान लांबवलेली आहे, खुंट्या आणि तारा अडकवण्याची कोरीव पट्टी व्हियोमच्या काळातील आहेत. ‘मूळ’ म्हणून जे दिसते त्यावरही मधल्या हातांची मोहोर आहे.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची भूमिका मांडताना वि. स. सुखठणकर यांनी १९३३ मध्ये असेच एक भान प्रकट केले होते. व्यासांच्या हातची संहिता परत मिळवल्याचा दावा त्यांनी केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या परस्परसंबंधांवरून जेथवर मागे जाता येते, तेथवरचे सर्वांत जुने रूप निश्चित करणे, हे उद्दिष्ट त्यांनी ठेवले. ‘मसीहा’चा निवाडाही अखेर चिठ्ठीने, आख्यायिकेने, नजरेने किंवा नादाने झाला नाही. एका प्रतीचा दुसऱ्या प्रतीशी संबंध शोधावा, तसा एका पाटीचा दुसऱ्या पाटीशी संबंध शोधला गेला, तेव्हाच तो झाला. एकट्या वस्तूला, मग ती कितीही देखणी असो, स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नाही. अस्सलपणा तिच्या नात्यांतून सिद्ध होतो, आणि ती नाती पुन्हा तपासायला खुली राहतील तोवरच त्याला अर्थ असतो.