फियाट, खाड्या आणि नसलेला रस्ता

मंडळी, गेले तीन वीकएंड रिलीजने खाल्ले, त्यामुळे प्रजासत्ताक दिनाला जोडून केलेल्या कोकण दौऱ्याबद्दल लिहायचं राहूनच गेलं. चार जुन्या गाड्या, नऊ माणसं, मांडव्यापासून रत्नागिरीपर्यंत शक्य तितकं समुद्राला चिकटून, असा तो दौरा. ज्यांना क्रोमच्या बंपरचे फोटो बघायचे होते त्यांची थोडी निराशा होणार आहे, कारण हे सगळं गाड्यांपेक्षा रस्त्याबद्दल जास्त झालंय. डोक्यात तेच घोळत राहिलं, त्याला काय करणार?

आधी पात्रपरिचय. मित्राची १९६४ ची फियाट ११०० डिलाईट, एका काकांची स्टँडर्ड हेराल्ड, एक मार्क टू अॅम्बेसेडर आणि एक महिंद्राची जुनी जीप. माझ्या मालकीची यातली एकही नाही. मी फियाटमध्ये नेव्हिगेटर होतो, म्हणजे जुन्या भाषेत क्लीनर. पाणी ओतणं, चाकाला दगड लावणं, घाटात पेट्रोल पंपावर (गाडीतल्या हो!) ओलं फडकं टाकणं ही माझी खाती. ओल्या फडक्याचं गमक असं की चढावर इंजिन तापलं की पेट्रोलची पंपातच वाफ होते आणि गाडी खोकून बंद पडते. फडकं टाका, दहा मिनिटं थांबा, वाफेचं परत पेट्रोल होतं. रिस्टार्ट करून बघा, हा आमच्या धंद्यातला सल्ला किती जुना आहे बघा.

यातली एकही गाडी खऱ्या अर्थाने ‘व्हिंटेज’ नाही, असं जाणकार सांगतील. त्यांच्या लेखी व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३० मधली, बाकी सगळ्या क्लासिक. आपल्या सरकारने मात्र २०२१ च्या नियमात सरळ पन्नास वर्षांची रेघ मारली. पन्नाशी ओलांडलेली, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण मग ती रोज ऑफिसला नेता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली वगैरे. असो.

आमच्या ग्रुपचं नाव आहे ‘बॅक टू सिक्स्टीज’. कल्पना अशी की साठच्या दशकातल्या गाडीत बसायचं, काचा खाली, एसी नाही, जीपीएस नाही (होता, माझ्या खिशात), आणि साठच्या दशकातलं कोकण अनुभवायचं. पहिल्या दिवशी मुरुडला जेवताना कुणीतरी म्हणालंही, की ही फियाट नवी कोरी असताना याच रस्त्याने अशीच कुणी चालवली असेल नाही का?

नाही. चालवणं शक्यच नव्हतं. गंमत सगळी इथेच आहे.

आम्ही कसे गेलो ते बघा. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत गाड्या घातल्या आणि तासाभरात मांडव्याला उतरलो. ही सेवा २०२० ची. अलिबाग, चौल, रेवदंडा. तिथे कुंडलिकेवरचा साळावचा पूल, तोही १९६४ मध्ये नव्हता. मुरुडहून आगरदांडा, तिथून फेरीबोटीने राजपुरीची खाडी ओलांडून दिघी. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडला, परत फेरीबोट, पलीकडे वेसवी. केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ, परत फेरीबोट, धोपावे. गुहागर, हेदवी, तवसाळ, चौथी फेरीबोट, जयगड. आणि मग गणपतीपुळ्यावरून रत्नागिरी. या फेरीबोटींना गाववाले जंगलजेटी म्हणतात, जंगारवरून आलेला शब्द. दाभोळ-धोपावे सुरू झाली २००३ मध्ये. म्हणजे चारचाकी गाडी घेऊन किनाऱ्या-किनाऱ्याने जाण्याची ही जी मजा आहे, ती आपल्या पिढीची आहे. तिच्यात जुनं काही असलंच तर ती फक्त आमची फियाट.

१९६४ मध्ये या फियाटला मुंबईहून गुहागर गाठायचं असतं तर? वाशीचा खाडीपूल १९७३ चा, म्हणजे आधी ठाण्याला वळसा. मग पनवेल, पेण, महाड, पोलादपूर, कशेडी घाट, खेड, चिपळूण. आणि चिपळूणला समुद्राकडे तोंड करून पश्चिमेला उतरायचं. गुहागर झालं आणि आता समोरच्या दाभोळला जायचंय? समोर दिसतंय हो, पण गाडी न्यायची तर परत चिपळूणला या, आणि खाडीच्या दुसऱ्या अंगाने खाली उतरा. शंभर किलोमीटरहून जास्त. आम्हाला फेरीबोटीत दहा-बारा मिनिटं लागली, त्यातली निम्मी काकांची हेराल्ड रिव्हर्समध्ये चढवण्यात गेली.

नकाशा घेऊन बसलात तर एक फार सुंदर पॅटर्न दिसतो. मला तो वेसवीच्या धक्क्यावर, मागे राहिलेल्या अॅम्बेसेडरची वाट बघताना दिसला. मुंबई-गोवा हायवेवरची (आधीचा एनएच १७, आताचा ६६) मोठी गावं घ्या: महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर. आणि किनाऱ्यावरची जुनी बंदरं घ्या: बाणकोट, दाभोळ, जयगड, जैतापूर. या जोड्या आहेत! महाड आणि बाणकोट एकाच सावित्रीवर. चिपळूण-दाभोळ वाशिष्ठीवर, संगमेश्वर-जयगड शास्त्रीवर, राजापूर-जैतापूर राजापूरच्या खाडीवर. एक गाव खाडीच्या तोंडाशी, दुसरं खाडीच्या शेपटाशी. भरतीच्या पाण्याबरोबर गलबतं आत शिरायची, पाणी जिथवर साथ देईल तिथवर जायची, आणि तिथे पेठ वसायची. पेठेच्या पाठीला घाट: महाडला वरंध, चिपळूणला कुंभार्ली, राजापूरला अणस्कुरा. घाटावरून बैलांचे तांडे माल घेऊन उतरायचे आणि इथून मीठ, मासळी, नारळ घेऊन चढायचे. राजापूरला इंग्रजांनी वखार घातली आणि शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये ती लुटली; समुद्रापासून इतक्या आतल्या गावात इंग्रज व्यापाऱ्याचं काय काम, हा शाळेत पडलेला प्रश्न मला इथे सुटला. तिथवर पाणी होतं म्हणून.

आमच्या भाषेत सांगायचं तर समुद्र हा बॅकबोन. प्रत्येक खाडी ही त्याला जोडलेली लाईन, शेवटी पेठेचा राउटर, तिथून घाटावरचं नेटवर्क. दाभोळहून जयगडला जायला कुणी जमिनीवरून जातच नव्हतं, बॅकबोनवरून जायचं. त्यामुळे किनाऱ्याला समांतर रस्ता बांधायची गरजच कुणाला वाटली नाही. मग मोटारी आल्या. मोटारीला पूल लागतो, आणि पूल बांधायचा तर नदी जिथे अरुंद आहे तिथे बांधणं स्वस्त. नदी अरुंद कुठे? खाडीच्या शेपटाशी. म्हणून रस्त्याने महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर ही आतली टोकं एकमेकांना जोडली आणि दुसरा बॅकबोन तयार झाला. महाडचा सावित्रीवरचा दगडी पूल १९२८ चा. १९९८ मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वेही आतूनच गेली. पहिला बॅकबोन मात्र हळूहळू अनप्लग होत गेला. चिपळूण मोठं झालं, आणि दाभोळ, जे बहामनी काळात दख्खनचं मोठं बंदर होतं, ते एसटीच्या पाटीवरचं शेवटचं नाव झालं. बाणकोटचंही तेच. इंग्रजांनी १७५६ मध्ये पेशव्यांकडून हट्टाने घेतलेली जागा ती, किल्ल्याला फोर्ट व्हिक्टोरिया असं नाव देऊन बसले होते. आज तिथे दुपारी चहा मिळायला आम्हाला अर्धा तास लागला.

हा पहिला बॅकबोन म्हणजे नुसती शिडाची गलबतं नव्हती. आगबोटी होत्या. मुंबईहून निघायच्या आणि हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला असं करत पणजीपर्यंत जायच्या. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन ही त्यातली मोठी कंपनी, आणि ती पुढे गेली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनच्या पंखाखाली. आता सिंदिया कुणाची? १९१९ मध्ये ती उभी करणाऱ्यांत प्रमुख होते सोलापूरचे वालचंद हिराचंद. आणि आमच्या फियाटच्या बॉनेटखाली जी पाटी आहे ती प्रीमियर ऑटोमोबाईल्सची. कंपनी १९४४ ची, कारखाना कुर्ल्याचा, संस्थापक तेच वालचंद! सुरुवातीला क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या, मग फियाटच्या परवान्याने ११००, तीच १९७४ पासून पद्मिनी. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेली तेव्हा सगळ्यांनी स्टेटस टाकले होते. आगबोट बंद झाली, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, तेव्हा स्टेटस नव्हतं. म्हणजे माझी आजी बोटीने मुंबईला आली आणि मी फियाटने कोकणात उतरलो, आणि दोन्ही धंद्यांत हात एकाच माणसाचा. १९५३ मध्ये वारलेल्या या गृहस्थाला त्यात काही विशेष वाटलं नसतं. त्याने विमानांचा आणि जहाजांचाही कारखाना काढला होता.

आजी वेलदूरच्या बाजूची. लग्न होऊन मुंबईला आली ते साधारण ही फियाट कारखान्यातून बाहेर पडली त्याच सुमाराला. आधी होडीने खाडी ओलांडून दाभोळला यायचं आणि बोटीची वाट बघायची. तिला बोट आठवते ती वासाने. तेल, ओकारी आणि सुक्या मासळीचा. तिच्या बोलण्यात ‘ते सोनेरी दिवस’ वगैरे काही येत नाही. पावसाळ्यात बोट बंद, वडील गेले तेव्हा श्रावण होता, तार मिळाली आणि ती पोचली चौथ्या दिवशी, एसटीने, चिपळूणवरून. एवढंच सांगते. रामदास बोटीचं नाव काढलं तर अजूनही हात जोडते. १७ जुलै १९४७, रेवसला निघालेली बोट, सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता.

त्यामुळे फेरीबोटीच्या रेलिंगला टेकून ‘पूल झाले की ही मजा जाणार रे’ असं आमच्यातलं कुणी म्हणालं की मला उत्तर सुचत नाही, पण पटतही नाही. किनाऱ्याने रेवसपासून रेड्डीपर्यंत सलग सागरी महामार्ग, ही कल्पना बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळातली. ते स्वतः सावित्रीकाठच्या आंबेतचे, खाडीमुळे काय अडतं हे त्यांना कुणी पॉवरपॉईंटवर सांगायची गरज नव्हती. दक्षिणेकडे पूर्णगड, जैतापूर असे पूल झालेही. उत्तरेकडच्या रुंद खाड्या मात्र चाळीस वर्षं तशाच राहिल्या. बाणकोटच्या खाडीतल्या पुलाचं काम सुरू होऊन वर्षानुवर्षं अर्धवट लटकलं. आता एमएसआरडीसीने मोठे खाडीपूल हाती घेतलेत. वेसवीच्या धक्क्यावर एका रिक्षावाल्याने आमच्या अॅम्बेसेडरला प्रेमाने हात लावून बघितला आणि मग विचारलं, “रात्री पेशंट असला तर तुम्ही काय कराल?” शेवटची फेरी गेली की आंबेतचा वळसा. आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही वर्षातून एकदा येतो, तो रोज राहतो.

पुलांवर आंधळा विश्वास ठेवा असंही नाही. महाडचा तोच १९२८ चा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला. दोन एसटी गाड्या त्यात होत्या, एक राजापूरहून निघालेली, एक जयगडहून. जयगडचे प्रवासी, समुद्राकाठचे, मुंबईला जायला आत येऊन सावित्री ओलांडत होते. नवा पूल वर्षाच्या आत, जून २०१७ मध्ये उभा राहिला. वर्षाच्या आत होऊ शकतो, हे त्यामुळे आपल्याला कळलं.

दाभोळच्या फेरीबोटीवरून समोरच्या काठावरच्या त्या प्रसिद्ध वीज प्रकल्पाच्या चिमण्या दिसतात. एन्रॉनचा ‘दाभोळ’ प्रकल्प. तो दाभोळमध्ये नाहीच! खाडीच्या पलीकडे, गुहागर तालुक्यात, अंजनवेलला आहे. जगभर गाजलं ते दाभोळचं नाव, जमिनी गेल्या समोरच्यांच्या. नाव मोठ्या बंदराचं द्यायचं ही जुनी सवय असावी. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मग? आम्ही पण दाभोळहूनच आलो म्हणायचो.”

धोपाव्याला उतरताना फियाट रॅम्पवर बंद पडली. मागे दोन एसयूव्ही, एक टेम्पो आणि भरलेली सुमो, सगळ्यांचे हॉर्न. पुढचे दरवाजे उघडून आम्ही दोघं उतरलो, मागून टेम्पोवाल्याने आणि फेरीबोटीवरच्या दोन पोरांनी खांदा लावला. सेकंडमध्ये टाकून क्लच सोडला तशी ती सुरू झाली आणि तशीच वर धक्क्याबाहेर. त्यातल्या एका पोराने विचारलं, कितीची आहे? चौसष्टची, मी म्हटलं. तो हसला आणि म्हणाला, “माझे आजोबा तेव्हा इथेच होडी मारायचे.”

रत्नागिरीहून परत येताना आंबा घाटाने आलो. फडकं तीन वेळा ओलं करावं लागलं.