फूल गेले, गूळ राहिला
घरगुती बिअरमध्ये मेपलचा पाक घातला, की त्यातली साखर यीस्ट खाते. मागे राहतो तो गंध. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याच्या मोहाचेही तेच. फुलातल्या साखरेची दारू होते, वास फुलाचा उरतो. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने परवान्याविना दारू गाळणे गुन्हा ठरवले. १८९२च्या कायद्याने ठाणे-कुलाब्यात मोहाच्या फुलांवरच बंधने घातली. १९४९च्या दारूबंदी कायद्यानेही ती फुले सोडली नाहीत. गूळ मात्र कुठल्याही दुकानात मिळे. हातभट्टीत काळा गूळ आणि नवसागर रुजला, त्याचे एक कारण मला इथे दिसते. आदिवासी घरांत मोहाचे फूल हे टंचाईतले अन्नही होते. कायद्याला त्यात दारूच दिसली.