पिसू-नियंत्रण, मुंबईतील

पिसू-नियंत्रण, मुंबईतील : पिसू हा सायफोनॅप्टेरा गणातील, पंखहीन, दोन्ही बाजूंनी चपटा व रक्तशोषक असा बाह्य परोपजीवी कीटक आहे. कुत्रा, मांजर इ. पाळीव प्राण्यांच्या तसेच उंदीर-घुशींच्या अंगावर तो आढळतो. पाळीव प्राण्यांचे पिसवा, गोचीड व हृदयकृमी यांपासून संरक्षण करण्याच्या आजच्या पद्धती एका साध्या तत्त्वावर उभ्या आहेत. परोपजीवी एका प्राण्यावरून दुसऱ्यावर ज्या मार्गाने जातो, तो मार्ग तोडणे हे ते तत्त्व होय. पिसवांच्या बाबतीत हा मार्ग प्रयोगाने निर्विवादपणे दाखविण्याचे काम १९०३ ते १९०८ या काळात मुख्यतः मुंबईत, विशेषतः परळ येथे झाले. ते प्लेगच्या निमित्ताने घडले व त्याला झालेल्या विलंबाची फार मोठी किंमत शहराला मोजावी लागली.

पार्श्वभूमी : प्राण्यांच्या संगोपनाच्या संस्था मुंबईत प्लेगच्या आधीपासून होत्या. भटकी कुत्री मारण्याच्या पोलिसी हुकुमाविरुद्ध जून १८३२ मध्ये कोट भागात पारशी व इतर नागरिकांनी दंगा केला. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभाई व अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने गिरगावलगतच्या भुलेश्वर भागात पांजरपोळ स्थापन झाला. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारी मुंबईतील संस्था १८७४ मध्ये निघाली. सर दिनशा माणेकजी पेटिट (१८२३–१९०१) यांच्या देणगीतून परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणिरुग्णालय उभे राहिले (१८८३–८४). त्याच्याच आवारात २ ऑगस्ट १८८६ रोजी मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले व जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य होते. यामुळे आजारी जनावरांवर उपचार होऊ लागले. परंतु त्यांच्या अंगावरील पिसवा व गोचीड यांकडे त्या काळी केवळ उपद्रव म्हणून पाहिले जाई. त्या रोग वाहून नेतात, ही कल्पना रूढ झालेली नव्हती.

प्लेगचे आगमन : सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस (१८५६–१९३३) यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. मांडवी हा धान्याच्या वखारींचा व म्हणून उंदरांचा भाग होता. प्लेगचा सूक्ष्मजंतू आलेक्सांद्र येर्सँ (१८६३–१९४३) यांनी १८९४ मध्ये हाँगकाँग येथे शोधून काढला होता. मात्र तो माणसापर्यंत कसा पोहोचतो, हे ठाऊक नव्हते. दूषित जमीन, घाण व माणसांचा परस्परसंपर्क यांवर संशय घेण्यात आला आणि उपायही त्यानुसार योजण्यात आले. घरांतून जंतुनाशक द्रावणे ओतली गेली, छपरे उघडली गेली, सामान जाळले गेले व रुग्णांना बळाने रुग्णालयात नेण्यात आले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा संमत झाला. लोकांचा रोष त्याआधीच प्रकट झाला होता. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड येथील रुग्णालयावर हल्ला केला. पुढे मार्च १८९८ मध्ये रुग्णाच्या तपासणीवरून शहरात दंगल उसळली.

या उपायांत एक मूलभूत दोष होता. जमीन व भिंती धुतल्याने उंदीर मरत नसत. उलट त्यांतील काही शेजारच्या घरांत जात आणि त्यांच्या अंगावरील पिसवाही त्यांच्याबरोबर जात. मेलेल्या उंदराकडे रोगाचे लक्षण म्हणून पाहिले गेले, परंतु त्याचे शव थंड पडल्यावर त्याच्या अंगावरील पिसवा कोठे जातात, हा प्रश्न विचारला गेला नाही.

याच काळात वाल्डेमार मॉर्डिकाय हाफकिन (१८६०–१९३०) यांनी भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात प्लेगप्रतिबंधक लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळ येथील जुन्या राजभवनात आली. तिलाच १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले.

सीमाँ यांचा प्रयोग : पॅरिसच्या पाश्चर संस्थेतर्फे १८९७ मध्ये भारतात आलेले फ्रेंच डॉक्टर पॉल लूई सीमाँ (१८५८–१९४७) यांनी मुंबईत व कच्छमध्ये रुग्ण तपासले. काही रुग्णांच्या त्वचेवर एक लहान फोड असे व त्यात प्लेगचे जंतू सापडत. तो पिसवेच्या दंशाचा असावा, असा तर्क त्यांनी केला. २ जून १८९८ रोजी कराची येथे त्यांनी हा तर्क तपासून पाहिला. काचेच्या मोठ्या भांड्यात प्लेग झालेला उंदीर ठेवला. पिसवांची संख्या पुरेशी व्हावी म्हणून आसपास फिरणाऱ्या एका मांजराच्या अंगावरील पिसवाही त्यात सोडल्या. आजारी उंदीर मरणाच्या पंथाला लागल्यावर निरोगी उंदराचा जाळीचा पिंजरा भांड्यात अशा रीतीने टांगला की, दोन उंदरांचा स्पर्श होऊ नये, परंतु पिसूला उडी मारता यावी. काही दिवसांनी निरोगी उंदीर प्लेगने मेला. पिसवा नसलेल्या आजारी उंदराजवळ ठेवलेले उंदीर मात्र निरोगी राहिले. फॉर्मोसात ओगाता मासानोरी यांनीही १८९७ मध्ये पिसवांकडे बोट दाखविले होते.

या निष्कर्षांचे स्वागत झाले नाही. काही संशोधकांना तो प्रयोग पुन्हा करून दाखविता आला नाही. शिवाय त्यांनी वापरलेल्या पिसवा कोणत्या जातीच्या होत्या, याची छाननी झाली नव्हती. भारतीय प्लेग आयोगानेही (१८९८–९९) पिसवांच्या मताला महत्त्व दिले नाही. त्यामुळे उत्तर हाती येऊनही पुढील काही वर्षे ते उपयोगात आले नाही.

लिस्टन यांची निरीक्षणे : परळच्या प्रयोगशाळेतील विल्यम ग्लेन लिस्टन यांनी प्रश्न वेगळ्या बाजूने हाती घेतला. त्यांनी प्रथम पिसवा गोळा करून त्यांच्या जाती ओळखल्या. कुत्र्या-मांजरांवरील टेनोसेफॅलायडिस वंशातील पिसवा, माणसावरील प्यूलेक्स इरिटान्स आणि मुंबईच्या उंदरांवर विपुल आढळणारी पिसू या एकच नव्हेत, हे त्यातून स्पष्ट झाले. उंदरावरील या पिसूचे वर्णन चार्ल्स रॉथ्सचाइल्ड (१८७७–१९२३) यांनी १९०३ मध्ये केले. झेनॉप्सिला किऑपिस हे तिचे आजचे नाव आहे.

१९०३ मध्ये भायखळ्याच्या व्हिक्टोरिया उद्यानातील (आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान) प्राणिसंग्रहालयात गिनीपिग प्लेगने मेले. एरवी त्यांच्या अंगावर क्वचित सापडणाऱ्या उंदरांच्या पिसवा या वेळी मोठ्या संख्येने होत्या. त्याच सुमारास एका चाळीत आधी उंदीर मेले, मग रहिवाशांना पिसवांचा त्रास होऊ लागला व नंतर प्लेगचे रुग्ण दिसले. तेथे माणसांच्या अंगावरून पकडलेल्या पिसवांपैकी निम्म्याच्या जवळपास पिसवा उंदरांच्या निघाल्या. नेहमीच्या काळात माणसावर अशी पिसू अपवादानेच मिळे. आपला पोषक प्राणी मेला की भुकेलेली पिसू जवळच्या कोणत्याही उष्ण रक्ताच्या प्राण्यावर जाते, हा निष्कर्ष लिस्टन यांनी १९०४ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीपुढे मांडला.

परळचे प्रयोग : १९०५ मध्ये भारतमंत्री, रॉयल सोसायटी व लंडनची लिस्टर संस्था यांच्या सहकार्याने नवा प्लेग संशोधन आयोग नेमण्यात आला. चार्ल्स जेम्स मार्टिन यांच्या मार्गदर्शनाखाली जॉर्ज लँब, लिस्टन व जी. एफ. पेट्री यांनी आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी परळ येथे काम केले. प्रयोगांसाठी खास खोल्या बांधण्यात आल्या. त्यांत पिसवा नसताना आजारी व निरोगी गिनीपिग एकत्र ठेवले, तरी रोग पसरत नसे. पिसवा असल्या म्हणजे तो झपाट्याने पसरे. जमिनीलगतच्या पिंजऱ्यातील प्राणी आजारी पडत, तर सु. ६० सेंमी. उंचीवर टांगलेले प्राणी वाचत, कारण पिसूची उडी तितकी उंच जात नाही. पिंजऱ्याभोवती चिकट कागदाचा सु. १५ सेंमी. रुंद पट्टा घातला, तरी प्राणी सुरक्षित राहत व पिसवा त्या पट्ट्यावर अडकलेल्या सापडत. हवा तीच, जमीन तीच व घरही तेच असताना फरक केवळ त्या पट्ट्याचा होता. दूषित जमीन व दूषित हवा या कल्पना त्यामुळे मागे पडल्या.

प्रयोगशाळेबाहेर परळ, वरळी, वडाळा व शीव या तत्कालीन गावांत उंदीर, पिसवा व रुग्ण यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग मोकळे सोडून त्यांच्या अंगावर जमणाऱ्या पिसवा मोजण्यात आल्या. शहरातून वर्षभरात एक लाखाहून अधिक उंदीर प्रयोगशाळेत तपासले गेले. गटारांतील घुशीत साथ आधी येते, नंतर घरातील काळ्या उंदरात व त्यानंतर सु. दहा ते चौदा दिवसांनी माणसात, असा क्रम त्यातून हाती आला. १९१४ मध्ये लंडन येथे आर्थर बॅकट (१८६६–१९२२) व मार्टिन यांनी पिसूच्या जठरमुखाशी जंतूंची गुठळी होऊन रक्ताचा मार्ग बंद होतो आणि चावताना जंतू दंशाच्या जखमेत परत जातात, हे दाखवून ही साखळी पूर्ण केली. तोपर्यंत भारतात प्लेगने लक्षावधी बळी घेतले होते. १९१८ पर्यंत ही संख्या एक कोटीच्या पलीकडे गेली.

पाळीव प्राण्यांचे स्थान : या संशोधनाने घरातील प्राण्यांवरील संशयाचेही योग्य मोजमाप केले. कुत्र्यात प्लेगविरुद्ध बरीच प्रतिकारक्षमता असते आणि कुत्र्या-मांजरांवरील पिसवा या रोगाच्या दुय्यम वाहक ठरतात. मांजराला मात्र प्लेग होऊ शकतो. तरीही अमरावतीचे सिव्हिल सर्जन लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी १९०८ च्या सुमारास प्लेगप्रतिबंधासाठी घरोघरी मांजर पाळण्याचा पुरस्कार केला. मांजरे असलेल्या वस्तीत उंदीर कमी व म्हणून प्लेगही कमी, असे त्यांचे निरीक्षण होते. परंतु उंदीर मारणारे मांजरच त्याच्या पिसवा घरात आणू शकते, ही या उपायाची मर्यादा होती. उंदरांना थारा न देणारे बांधकाम अधिक टिकाऊ ठरले. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार विश्वस्त मंडळाने दादर–माटुंगा भागात आखलेल्या मोकळ्या व हवेशीर वसाहती प्लेगनंतरच्या नगररचनेचे फलित होत.

कीटकनाशके : दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी व बीएचसी ही चूर्णे घरांत व जनावरांच्या अंगावर वापरली जाऊ लागली. प्लेग ओसरण्यास त्यांचा हातभार लागला. परंतु पुढे उंदरांच्या पिसवांत त्यांविरुद्ध प्रतिकारक्षमता निर्माण झाल्याचे महाराष्ट्रातही आढळून आले. अंग चाटण्याच्या सवयीमुळे मांजरांना ही द्रव्ये विषारी ठरत. बीएचसीवर भारतात १९९७ मध्ये बंदी आली. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात व सुरत येथे उद्‌भवलेल्या साथींनी प्लेग समूळ नष्ट झालेला नाही, याची आठवण करून दिली.

१९९० नंतर फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड इ. मानेवर थेंब टाकून वापरावयाची औषधे आणि २०१० नंतर तोंडावाटे द्यावयाच्या आयसॉक्साझोलीन वर्गातील गोळ्या प्रचारात आल्या. कुत्र्यांसाठीची परमेथ्रिनयुक्त औषधे मांजरांना प्राणघातक ठरू शकतात. म्हणून एका प्राण्याचे औषध दुसऱ्यास देऊ नये.

गोचीड व हृदयकृमी : कुत्र्यावरील तपकिरी गोचीड (ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस) प्रत्येक अवस्थेत रक्त पिऊन प्राण्यावरून गळून पडते आणि भिंतींच्या फटींत दडून पुढील अवस्थेत जाते. तिच्यामार्फत कुत्र्याला एर्लिकिया, बॅबेसिया इत्यादींचे रोग होतात. कुत्र्यातील बॅबेसिया गिब्सोनी या परजीवीचे वर्णन १९१० मध्ये मद्रासच्या शिकारी कुत्र्यांवरूनच करण्यात आले. रानातील गोचिडींमार्फत माणसात येणारा क्यासनूर जंगल रोग २०१६ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यात आढळला.

हृदयकृमी (डायरोफिलारिया इमिटिस) डासांमार्फत पसरतो. भारतात तो मुख्यतः ईशान्येकडे आढळतो. त्याच वंशातील डा. रेपेन्स हा त्वचेखाली राहणारा कृमी देशात इतरत्रही सापडतो व क्वचित माणसातही दिसतो. डासाने सोडलेल्या हृदयकृमीच्या अळ्यांना प्रौढ होऊन हृदय व फुप्फुस-धमनीत स्थिरावण्यास सु. सहा महिने लागतात. आयव्हरमेक्टिनसारखे औषध दरमहा दिल्यास त्या अळ्या वाटेतच मरतात. प्रौढ कृमींवरील उपचार मात्र धोक्याचा असतो. म्हणून तपासणीनंतरच आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने औषध सुरू करणे आवश्यक असते. कॉली व तत्सम जातींच्या काही कुत्र्यांना आयव्हरमेक्टिनची मोठी मात्रा सोसत नाही.

आजची पद्धती : मांजरावरील पिसूची मादी दिवसाला सु. ४० अंडी घालते. ती प्राण्याच्या अंगावरून अंथरुणात, सतरंजीत व फरशीच्या फटींत गळतात. अळ्यांना दमट हवा लागते व मुंबईच्या हवेत ती वर्षाचा बराच काळ लाभते. कोशातील पिसू काही महिने निश्चल राहून प्राण्याची चाहूल लागताच बाहेर पडते. त्यामुळे केवळ अंगावर दिसणाऱ्या पिसवा मारून उपद्रव थांबत नाही. घरातील सर्व प्राण्यांना एकाच वेळी औषध देणे, त्यांची अंथरुणे गरम पाण्याने धुणे, फटी व कोपरे झाडून घेणे, उंदरांचा बंदोबस्त करणे आणि हे सर्व काही महिने न खंडता चालू ठेवणे हाच परिणामकारक उपाय होय. १८९६ मध्ये घर धुतले गेले, परंतु पिसूकडे दुर्लक्ष झाले. आज प्राण्यावर औषध टाकून घराकडे दुर्लक्ष केले जाते. दोन्ही ठिकाणी चूक एकच आहे. प्राणी, घर आणि त्यांमधील अंतर यांचा एकत्रित विचार करावा लागतो, हे परळच्या प्रयोगांनी सिद्ध केले.