कुलाबा वेधशाळा आणि हवामानाची ओळख
एखाद्या ठिकाणी विशिष्ट वेळी असलेली तापमान, वायुदाब, आर्द्रता, वारा व पाऊस यांची स्थिती म्हणजे हवा. आणि अशा असंख्य नोंदींतून, सामान्यतः सलग ३० वर्षांच्या, त्या प्रदेशाचे जे सरासरी स्वरूप व त्यातील चढउतारांची जी मर्यादा स्पष्ट होते, ते हवामान होय. हा भेद पश्चिम भारतात निरीक्षणांच्या आधारे मांडता येऊ लागला, त्यात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचा वाटा मोठा आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये ती मुख्यतः खगोलीय निरीक्षणे व जहाजांसाठी अचूक वेळ राखणे यांकरिता उभारली. १८४१ पासून मात्र तेथे वातावरणाच्या नियमित नोंदी होऊ लागल्या.

१८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले आणि हेन्री ब्लॅनफोर्ड यांनी हिमालयातील हिमाच्छादनाचा मोसमी पावसाशी संबंध जोडून १८८६ पासून ऋतूचे अंदाज देण्यास आरंभ केला. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी दूरदूरच्या ठिकाणांच्या वायुदाबांची तुलना करून पॅसिफिक व हिंदी महासागरांवरील दाबाचा परस्परविरोधी झोका, म्हणजे दक्षिणी आंदोलन, दाखवून दिले. हा शोध दीर्घ नोंदींवाचून शक्य नव्हता.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तर कुलाब्याला त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. ही घटना हवेची होती. अशा घटनांची वारंवारता बदलते आहे की नाही, हा प्रश्न हवामानाचा आहे आणि त्याचे उत्तर दशकानुदशकांच्या नोंदींतच शोधावे लागते.